उणे ऐंशी

फ्रीझरचं दार उघडलं की आधी धुकं बाहेर येतं.
मग माझा हात आत जातो.
तिसऱ्या कप्प्यात नळ्या, बर्फाने एकमेकींना धरून बसलेल्या,
झाकणांवर कुणा गेलेल्या माणसाचं सुबक अक्षर:
लोकितांग. बैल. तपकिरी. डोळ्यांतून पाणी.
वर्षाच्या जागची शाई उडालेली.

नष्ट करा, असा हुकूम आहे.
त्याआधी एकदा वाचून ठेवा म्हणतात.
चारच अक्षरांची बाराखडी,
सोळा हजारांना थोडी कमी अशी ती ओळ,
यंत्र रात्रभर पुटपुटत राहतं
आणि सकाळी पडद्यावर ती असते, बुळकांडी,
अख्खी, निरुपद्रवी,
एखाद्या वैरिणीची जन्मपत्रिका असावी तशी.

नंतर वाफ. एकशे एकवीस अंश.
एकोणिसाव्या मिनिटाला वान्योन्यी विचारतो, चहा?
मी हो म्हणते.

माझ्या बापाचं नाव एका बैलावरून पडलंय.
आम्हा तुर्कानांत तसंच. आपालोंगोर: लोंगोरचा बाप.
आम्ही मुलं नंतरची.
लोंगोरची शिंगं त्याने दगडाने ठोकून ठोकून वळवली होती,
गळ्यात घंटा बांधली होती, गाणी रचली होती.
सहा दिवस लागले.
तोंडात फोड, डोळ्यांखाली दोन काळे पाट,
मागून पाणी, नुसतं पाणी,
आणि तो वास, ज्याबद्दल बाप बोलत नाही.
बैल गेला. नाव राहिलं.
ते तो अजून घालून फिरतो.

जगातून संपली, असं मी त्याला सांगितलं
तेव्हा तो शेळीच्या खुरातला काटा काढत होता.
"संपली? मग तुला पगार कशाचा?"

याचा, आपा.
थोरली गेली, धाकटी आहे.
या वर्षी लोकितांगच्या वाटेवर शेळ्या
नाक गळत, खोकत, कुंपणाला टेकून उभ्या आहेत,
करडं आधी जातात.
माझ्याबरोबरची पोरगी, नुकतीच डॉक्टर झालेली,
थोरलीला तिने फक्त पुस्तकातल्या फोटोत पाहिलंय.
मीही. खरं सांगायचं तर मीही.

आम्ही गाईंचंही रक्त घेतो.
गाईंना काही झालेलं नाही, मजेत रवंथ करतायत,
तरी त्यांच्या रक्तात शेळ्यांच्या दुखण्याची ओळख सापडते,
शेजारच्या घरातलं रडणं ऐकत वाढलेल्या मुलांसारखी.
थोरलीची लस आता कुणी टोचत नाही.
तिला ओळखणाऱ्या गाई म्हाताऱ्या होऊन गेल्या.
प्रकल्पाच्या अर्जात प्रश्न चार पानांचा आहे.
बाप तो एवढाच करून विचारतो:
रिकाम्या आसनावर कोण येऊन बसणार?

माहीत नाही, आपा.

मग मी त्याला शेळीजवळ नेलं.
त्याने तिचा जबडा उघडला, वाकला,
डोळे मिटून श्वास आत ओढला.
आमच्याकडे चाळीस लाखांचं यंत्र आहे,
ते दोन दिवसांनी सांगणार होतं.
"ती नाही," तो म्हणाला. "नात्यातली आहे."
आणि बराच वेळ हात वाळूत घासत बसला.

त्या नळीबद्दल मी बोलणार नव्हते. बोलले.
तपकिरी बैल, लोकितांग.
इथे तपकिरी बैल काय कमी होते, मी घाईने म्हटलं,
वर्षाची शाईही उडाली होती.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला,
"नीट उकळलंस ना?"

पेटीतला बर्फ अर्धा पाणी झाला होता.
लोडवार पाच तासांवर.
मी पेटीवर ओलं पोतं टाकलं,
त्याने त्याची एक कड धरली, सारखी केली.